विदर्भातल्या गावात सामना कशावर बघावा: फ्री डिश, पैशाची डीटीएच आणि मोबाइल

निकाल आधी सांगतो, कारणं मागून. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने एवढंच बघायचं असेल, तर गावातल्या घराला डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनपैशाची डीटीएच, पुरते आणि दर महिन्याचं रिचार्ज करायची गरज नाही. आयपीएल, प्रो कबड्डी किंवा आपल्या विदर्भाची रणजी बघायची असेल, तर ती पुरत नाही. छत्री कितीही चांगली लावली तरी पुरणार नाही, कारण अडचण छत्रीत नसून हक्कांच्या व्यवहारात आहे. तो व्यवहार समजला की तालुक्याच्या दुकानात कोणी काहीही गळ्यात मारू शकत नाही.

२००७ साली संसदेने एक कायदा केला. खासगी वाहिनीने एखाद्या सामन्याचे हक्क विकत घेतले आणि सरकारने तो सामना 'राष्ट्रीय महत्त्वाचा' ठरवला असेल, तर त्याचं थेट चित्रण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावंच लागतं. टीव्हीवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा हक्क घेणाऱ्याला आणि उरलेला प्रसार भारतीला, असं त्या कायद्यातलं गणित आहे. भारतीय पुरुष संघाचे अधिकृत एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने या यादीत सरसकट येतात, मग ते नागपूरला जामठ्यात असोत की परदेशात. विश्वचषकाचे उपांत्य आणि अंतिम सामनेही त्यात आहेत. कसोटीचं तसं नाही. कोणती कसोटी दाखवायची हे सरकार ठरवतं, म्हणून कसोटी आपोआप दिसेल असं धरून बसू नये. आयपीएल या यादीत नाही. प्रो कबड्डी नाही. रणजीही नाही.

यातला दुसरा भाग फार कमी लोकांना माहीत असतो आणि सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच होतात. डीडी स्पोर्ट्स ही वाहिनी पैशाच्या डीटीएचवर आणि केबलवरही असते. सामना सुरू झाला की तिथे मात्र दुसराच कार्यक्रम लागतो, आणि शेजाऱ्याच्या फ्री डिशवर त्याच वेळी सामना चालू असतो. लोक केबलवाल्यावर चिडतात. त्याचा यात काही दोष नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्याने मिळालेलं हे चित्रण प्रसार भारतीने फक्त जमिनीवरच्या (साध्या अँटेनावर येणाऱ्या) प्रक्षेपणातून आणि स्वतःच्या डीटीएचवरून, म्हणजे फ्री डिशवरून, दाखवावं. खासगी डीटीएच आणि केबलवाल्यांकडे ते जाऊ नये. कारणही सरळ होतं. ज्याने हजारो कोटी मोजून हक्क घेतले, त्याचीच वाहिनी पैसे देऊन घेणाऱ्या घरात तोच सामना दुसऱ्या वाहिनीवर फुकट दिसू लागला, तर त्याचं गिऱ्हाईक जातं. म्हणून लक्षात ठेवा: डीडी स्पोर्ट्सवरचा फुकट सामना हवा असेल तर घरात फ्री डिशच लागते. महिन्याला चारशे रुपये भरणाऱ्याला तो दिसत नाही, एकदाच दोन हजार खर्च केलेल्याला दिसतो.

आता वस्तूकडे वळू.

फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. आज देशातल्या चार कोटींहून जास्त घरांत ती आहे. पूर्ण संच, म्हणजे छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचं सिग्नल पकडणारं डोकं), केबल आणि बॉक्स, साधारण दीड ते दोन हजारांत मिळतो. बसवणावळ वेगळी, ती गावाच्या अंतरावर ठरते. बॉक्स घेताना एकच प्रश्न विचारा: एमपेग-२ आहे की एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत की नवी)? दुकानात जुना एमपेग-२ बॉक्स दोनतीनशे रुपयांनी स्वस्त सांगतात. तो घेऊ नका. एमपेग-४ चा बॉक्स दोन्ही प्रकारच्या वाहिन्या उघडतो. एमपेग-२ चा बॉक्स नव्या पद्धतीच्या वाहिन्यांवर काळा पडदा दाखवतो, कधी नुसता आवाज देतो. सामना नेमका त्याच काळ्या पडद्यामागे असला की वाचवलेले पैसे तिथेच गेले. बॉक्सला एचडीएमआयचं छिद्र आहे का तेही बघा, कारण नव्या टीव्हींना पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा बऱ्याचदा नसते.

घरात आधीची बंद पडलेली पैशाची डीटीएच असेल तर तिची छत्री आणि खांब सरळ वापरा. ६० सेंटिमीटरची कोणतीही छत्री चालते, तिच्यावर नाव कोणाचं का असेना. एलएनबी मात्र तपासा. तिच्यावर ९७५०/१०६०० असे आकडे छापलेले हवेत. तीच युनिव्हर्सल एलएनबी. आकडे वेगळे असतील तर नवीन घ्या, दोनशे रुपयांच्या आसपासची वस्तू आहे. बंद डीटीएचचा बॉक्स इथे चालत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

छत्री लावायला आलेला माणूस पाचसहाशे रुपये घेतो आणि अर्ध्या तासात जातो. वाऱ्यावादळानंतर त्याला परत बोलावलं की चार दिवस येत नाही, आणि सामना असतो उद्या. म्हणून हे काम स्वतःला येणं फायद्याचं. अवघड नाही.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशावर उभा आहे. नागपूरहून तो दक्षिणेपासून पूर्वेकडे साधारण ३५ अंश वळल्यावर, म्हणजे होकायंत्रावर १४४ अंशाला, आणि क्षितिजापासून ६० अंश वर दिसतो. विदर्भाच्या पश्चिम टोकाला, बुलढाण्याकडे, होकायंत्रावर १३८ आणि उंची ५९. गडचिरोलीकडे १४५ आणि जवळपास ६२. यवतमाळ, अमरावती, वर्धा, चंद्रपूर हे सगळे या दोन टोकांच्या मध्ये. थोडक्यात, आग्नेय दिशा धरायची आणि तिथून किंचित दक्षिणेकडे सरकायचं. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक असतो, त्यामुळे मोबाइलमधलं होकायंत्र चालतं. पण टिनाच्या छपरावर उभं राहून बघू नका. टिन आणि लोखंडी अँगल सुईला खेचतात आणि दिशा दहावीस अंशांनी चुकते. अंगणात या, दिशा बघा, त्या रेषेत एखादं झाड किंवा विजेचा खांब खूण म्हणून धरा आणि मग वर चढा.

पहिलं काम खांबाचं. खांब ओळंब्यात उभा नसेल तर पुढचं सगळं चुकतं, कारण छत्री डावी-उजवी फिरवताना तिची उंचीही बदलत जाते आणि सिग्नल हाताला लागतच नाही. भिंतीला ओळंबा लावून बघा. टिनावर खांब कधीच बसवू नका. टिन वाऱ्यात थरथरतं आणि छत्री त्याच्याबरोबर हलते. कौलारू घरात भिंतीला किंवा अंगणात सिमेंटच्या ठोकळ्यात खांब रोवलेला बरा.

उंचीबद्दल एक गोष्ट नवख्याला हमखास फसवते. उपग्रह ६० अंश वर आहे म्हणून छत्री आभाळाकडे तोंड करून आडवी करायची नाही. आपल्या घरच्या छत्र्या तिरक्या नजरेच्या, म्हणजे ऑफसेट असतात. एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूने वर बघते. त्यामुळे छत्रीचं तोंड वीसपंचवीस अंशांनी कमी झुकलेलं दिसतं. मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतील तर त्यात हा फरक आधीच धरलेला असतो. तिथे सरळ ६० लावा. खुणा पुसल्या असतील तर छत्री उभ्या स्थितीपासून साधारण ३५ ते ४० अंश मागे झुकवून सुरुवात करा.

मग बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ बघून खूश होऊ नका. केबल जोडली आणि एलएनबीला वीज मिळाली की ती आभाळात काही नसतानाही वर जाते. खरी पट्टी क्वालिटीची. एक जण टीव्हीसमोर, एक जण वर, आणि मध्ये मोबाइलवर बोलणं सुरू. छत्री एका वेळी बोटभर फिरवा आणि तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. घाईने फिरवलं की बरोबर जागा मागे पडते आणि कळतही नाही. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात.

क्वालिटी आली की एलएनबी तिच्या होल्डरमध्ये थोडी गोल फिरवून बघा. उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला नाही, बाजूला आहे. म्हणून एलएनबी सरळ उभी न ठेवता साधारण तीस अंश तिरकी लागते. एका बाजूने क्वालिटी वाढते, दुसऱ्या बाजूने पडते. सगळ्यात वरच्या आकड्यावर पान्ह्याने नट आवळा. आवळतानाही पट्टी बघत राहा, कारण शेवटच्या आवळण्यात छत्री अर्धा अंश सरकते. तोच अर्धा अंश पुढे पावसात नडतो.

शेजारचा उपग्रह सापडला तर? ९५ अंशावर एका पैशाच्या डीटीएचचा उपग्रह आहे. आपल्याकडून बघितलं तर दोघांत दिशेने तीनेक अंश आणि उंचीने एक अंश, एवढाच फरक. क्वालिटी भरपूर येते, स्कॅनमध्ये शंभर नावं येतात, पण एकही चित्र उघडत नाही. असं झालं की छत्री थोडी दक्षिणेकडे, म्हणजे मागे उभं राहून आभाळाकडे बघताना उजवीकडे सरकवा, केसभर वर करा आणि पुन्हा स्कॅन करा. डीडी सह्याद्री उघडली की जागा बरोबर.

मार्चमध्ये एक सोपी परीक्षा आहे, ती जरूर करा. साधारण १० ते १५ मार्चच्या दरम्यान सकाळी सव्वाअकराच्या आसपास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर कडुनिंबाच्या फांदीची सावली पडत असेल, तर ती फांदी सिग्नलच्याही आड येते. आत्ता पानं झडलेली असतील आणि चित्र चांगलं असेल, पण जूनमध्ये ओली पानं भरली की चित्र फुटणार. त्याच दिवसांत त्याच वेळी काही मिनिटं चित्र जातं तेही सूर्यामुळेच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा तसं होतं. त्याला दुरुस्ती नाही आणि गरजही नाही.

केबल आरजी-६ जातीची घ्या, तीस मीटरच्या आत ठेवा आणि मध्ये जोड देऊ नका. एलएनबीला केबल जिथे लागते तिथे पाणी शिरणं हा विदर्भातला सगळ्यात मोठा आजार. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, एलएनबीचं प्लास्टिकचं टोपण उन्हात कडक होऊन तडकतं, ते कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मृगाच्या पहिल्या सरीला पाणी आत जातं. मग सिग्नल पावसात जातो तो पाऊस थांबल्यावरही येत नाही. ही खूण पक्की आहे: पावसाबरोबर जाऊन पावसाबरोबर परत आला तर दोष आभाळाचा, परत आलाच नाही तर जोडात पाणी. मेच्या शेवटी एकदा वर चढून टोपण बघा, जोडावर रबरी चिकटपट्टी गुंडाळा आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलातून टपकेल आणि केबलवरून बॉक्सपर्यंत येणार नाही.

पावसाचं म्हणाल तर फ्री डिश काय आणि महागडी डीटीएच काय, दोन्ही केयू बँड या एकाच लहरींच्या पट्ट्यावर चालतात आणि जोराच्या सरीत दोन्ही जातात. काळेभोर ढग आले आणि पाऊस कोसळला की दहावीस मिनिटं जाणारच. छत्रीला हात लावू नका. ज्यांनी भर पावसात छत्री फिरवली त्यांना पाऊस थांबल्यावर परत जुळवावी लागते. पावसाळ्यात भारताचे सामने बरेच असतात, म्हणून ज्याला हे नको असेल त्याने ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री लावावी. सर तीच, पण चित्र उशिरा जातं आणि लवकर येतं. माकडांचा त्रास असलेल्या गावात मात्र मोठी छत्री म्हणजे त्यांना बसायला मोठी जागा. तिथे खांब भिंतीला लागून, छपराच्या पातळीपेक्षा खाली घ्यावा.

दोन टीव्ही असतील तर केबलला दुभाजक लावून भागत नाही. बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून हवी ती वाहिनी मागतो. दोघांनी वेगवेगळं मागितलं की एकाचं चित्र जातं. दोन तोंडांची एलएनबी घ्या आणि दोन वेगळ्या केबल ओढा.

विजेचं गणितही सांगतो, कारण भारनियमन सामना बघून होत नाही. बत्तीस इंची एलईडी टीव्ही पन्नासेक वॅट घेतो, बॉक्स दहा वॅटच्या आत. दोन्ही मिळून साठ. दीडशे अँपिअर-तासाची चांगली बॅटरी निम्मी वापरली तरी नऊशे वॅट-तास देते. इन्व्हर्टरची गळती धरूनही दहाबारा तास निघतात. बॉक्स १२ व्होल्टचा आहे म्हणून त्याची वायर सरळ ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडू नका. चार्ज होताना बॅटरी चौदाच्या वर जाते आणि बॉक्स जळतो. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा छोटा कन्व्हर्टर लावा.

वस्तू म्हणून फ्री डिशला आमच्याकडून पूर्ण गुण. वाहिन्यांची सेवा म्हणून मात्र ती अर्धवट आहे. चित्राचा दर्जा खासगी एचडी वाहिनीच्या खाली राहतो. बत्तीस इंचीवर खुपत नाही, त्रेचाळीस इंचीवर चेंडू पुसट दिसतो. समालोचन मराठीत नाही. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि बहुतेक १ एप्रिलपासून बदलतात, त्यामुळे आज दिसणारी मराठी चित्रपटांची वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रिमोटवरून ऑटो स्कॅन करा. 'वाहिनी गेली' अशा निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. फ्री डिशला महिन्याचं रिचार्ज नसतं. 'तुमची फ्री डिश बंद होणार, अमुक रुपये पाठवा' असा फोन आला तर तो चोराचा आहे, ठेवून द्या.

देशी खेळांसाठी डीडी स्पोर्ट्सला खास दाद दिली पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. गावच्या शाळेतल्या पोरींनी ती स्पर्धा फुकट बघावी यापेक्षा मोठी सेवा कोणती असेल?

पैशाच्या डीटीएचबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या सुट्ट्या घेता येतात, आणि पुढे महत्त्वाचा नियम असा की १९ रुपयांपेक्षा महाग वाहिनी गठ्ठ्यात घालता येत नाही. एकोणीसवर १८ टक्के जीएसटी धरला की २२ रुपये ४२ पैसे. त्यावर जोडणीचा मूळ आकार. तो आधी १३० रुपये अधिक कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे असा ठरलेला होता. २०२४ मध्ये ट्राय या नियामक संस्थेने ती मर्यादा काढली, आता तो कंपनी ठरवते. म्हणजे एका खेळ वाहिनीसाठी मूळ आकार आणि वर बावीस रुपये एवढंच लागतं. दुकानदार साडेतीनशे-चारशेचा गठ्ठा पुढे करतो, कारण त्याला दलाली त्यावर मिळते. 'मला ही एक वाहिनी सुट्टी हवी' असं स्पष्ट म्हणा. आयपीएलचे दोन महिने आणि कबड्डीचे दोनअडीच महिने, एवढंच चालू ठेवा. बंद ठेवलेली जोडणी पुन्हा सुरू करायला वेगळा आकार लागतो का, हे बंद करण्याआधी विचारा.

मोबाइलची गोष्ट निराळी. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. त्यात भारतातल्या टीव्हीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींना घेतले आणि इंटरनेटचे दुसऱ्या कंपनीने. स्पर्धा होती तेव्हा २०२३ आणि २०२४ ची आयपीएल मोबाइलवर फुकट दिसली, मराठी समालोचनासकट. नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोन्ही कंपन्यांचे व्यवसाय एक झाले, १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार हे त्यांचं एकच अ‍ॅप सुरू झालं आणि फुकटचे दिवस संपले. सुरुवातीला फक्त मोबाइलची योजना तीन महिन्यांना १४९ रुपये होती. दर बदलत राहतात, म्हणून घेण्याच्या दिवशी अ‍ॅपमध्येच बघा. त्याआधी तुमच्या सिमच्या रिचार्जमध्ये ते आधीच जोडून येतं का हेही तपासा. बऱ्याच पॅकमध्ये येतं आणि लोक दुसऱ्यांदा पैसे भरतात. मोबाइलची योजना मोबाइलपुरतीच असते, टीव्हीवर लावायला वरची लागते. हे न बघता घेतलेल्यांचीच सर्वाधिक निराशा होते.

खरा अडसर डेटाचा. सेकंदाला दोन मेगाबिटच्या चित्राला तासाला सुमारे ९०० एमबी लागतात. टी-ट्वेंटी सामना पावणेचार तासांचा धरला तर तीन जीबीहून जास्त. तुमचा पॅक दिवसाला दीड किंवा दोन जीबीचा. म्हणजे दुसरा डाव रंगात आला की डेटा संपतो, वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि धावफलकसुद्धा धड उघडत नाही. उपाय एकच: सेटिंगमध्ये दर्जा 'ऑटो' न ठेवता सगळ्यात खालच्या पायरीवर स्वतः लावा. एका मेगाबिटवर पूर्ण सामना पावणेदोन जीबीत बसतो. पाच इंची पडद्यावर फरक फारसा कळत नाही. संध्याकाळी सात ते दहा गावचा टॉवर गच्च असतो; तेव्हा चित्र गोल फिरत राहिलं तर दोष अ‍ॅपचा नसतो. मोबाइलचं चित्र छत्रीच्या चित्रापेक्षा वीसतीस सेकंद किंवा त्याहूनही मागे चालतं, म्हणून शेजारी छत्री असेल तर विकेट आधी कानावर येते. अनोळखी अ‍ॅप व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, 'सगळे सामने फुकट' म्हणून. ते मोबाइलमधले संदेश वाचायची परवानगी मागतात आणि बँकेचा ओटीपी त्याच संदेशात येतो. पीककर्जाचे पैसे ज्या खात्यात येतात त्या मोबाइलवर हे अ‍ॅप टाकणं म्हणजे घराला कुलूप न लावता गावाला जाणं.

गावचं पोर नोकरीसाठी बाहेर देशात गेलं असेल तर त्याला इथल्या वर्गणीवर सामना दिसत नाही. हक्क देशागणिक विकलेले असतात आणि अ‍ॅप इंटरनेटच्या पत्त्यावरून देश ओळखतं. अमेरिका-कॅनडात क्रिकेटसाठी विलो ही वाहिनी घ्यावी लागते. इथून पासवर्ड पाठवून उपयोग नाही.

या बाबतीत आयर्लंडकडे बघण्यासारखं आहे. तिथे गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे गावागावांत खेळले जाणारे हौशी खेळ आहेत, आणि देश सोडून गेलेली माणसं जगभर आहेत. त्यांच्यासाठी २०१४ मध्ये तिथल्या खेळ संघटनेने (जीएए) सरकारी वाहिनीबरोबर गागो ही इंटरनेट सेवा काढली. २०२५ पासून ती 'जीएए प्लस' या नावाने संघटना स्वतः चालवते. २०२३ मध्ये देशातले काही महत्त्वाचे सामनेही फक्त त्या पैशाच्या सेवेवर गेले तेव्हा तिथे मोठी ओरड झाली आणि प्रकरण संसदेच्या समितीपुढे गेलं. दोन्ही खेळांचे अखिल आयर्लंड अंतिम सामने मात्र त्यांच्या कायद्याने फुकट दाखवावेच लागतात.

आपल्याकडे उलटं आहे. राष्ट्रीय संघ फुकट, आणि आपल्या मातीतला संघ पैसे देऊन. विदर्भाने २०१७-१८ ला पहिली रणजी जिंकली, पुढच्याच हंगामात दुसरी, आणि २०२४-२५ ला जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरी. उमेश यादव वलनीच्या कोळसा खाणीच्या वस्तीतला, जितेश शर्मा अमरावतीचा. ही पोरं ज्या गावांतून येतात, त्या गावांतल्या फ्री डिशवर विदर्भाच्या संघाचा अंतिम सामना कायद्याने येत नाही. विदर्भाचा अंतिम सामना दाखवायला यादीत एक ओळ वाढवावी लागेल, एवढंच. किमान रणजीचा अंतिम सामना त्या यादीत यायलाच हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तोवर गावातल्या घरासाठी आमची शिफारस अशी: एमपेग-४ चा फ्री डिश संच, जमलं तर ९० सेंटिमीटरच्या छत्रीसह, कायमचा. आयपीएल किंवा कबड्डीच्या हंगामात एका मोबाइलवर तेवढ्यापुरती वर्गणी. रणजीचा बाद फेरीचा टप्पा फेब्रुवारीत येतो आणि आयपीएल मार्चच्या शेवटी सुरू होते, म्हणून तीन महिन्यांची योजना फेब्रुवारीच्या मध्यावर घेतली तर रणजीचा अंतिम सामना आणि आयपीएलचा बराचसा भाग एकाच पैशात निघतो. वर्षभराची वर्गणी घरात रोज मालिका बघणारं कोणी असेल तरच घ्या.